‘रामानुजनसुद्धा नापास झाले होते’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

बाई, नमस्कार.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते, अंगणवाडीत काम करते. आमचे हे पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यापासून पणजीत एका खासगी ठिकाणी नोकरीला आहेत. मुलगा बाबू नववीत, मुलगी सहावीत. दोघंही चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम.

बाबूला गणिताचं वेड आहे. दहावीचं पुस्तक त्यानं आताच संपवलंय. रात्री एक-दीडपर्यंत वही घेऊन बसतो. पण सहामाहीत सोशल आणि हिंदीत नापास झाला. गणितातही त्याचे गुण कापले, कारण तो स्टेप्स लिहीत नाही, थेट उत्तर मांडतो. ओरडले तर म्हणतो, ‘रामानुजनसुद्धा नापास झाले होते.’ गेल्या वर्षी गणित दिनाला त्यानं शाळेत रामानुजनवर भाषण केलं, तेव्हापासून हे वाक्य त्याच्या तोंडी बसलंय.

धाकटे दीर म्हणतात, पणजीला कोचिंगला घाला. हे म्हणतात, कर्ज काढू पण कोट्याला पाठवू, गावात राहून काही होणार नाही. मला गणित कळत नाही, त्यामुळे घरात माझं कोणी ऐकत नाही. त्याला अडवू की सोडून देऊ? आपल्या गोव्यातल्या गावांतून असं कोणी पुढं गेलंय का?

– सत्तरी तालुक्यातली एक आई

प्रिय ताई,

बाबू सांगतो ती गोष्ट खरी आहे, पण तो ती मधूनच सुरू करतो आणि मधेच सोडतो. पाच मिनिटांच्या भाषणात आधीचं आणि नंतरचं बसलं नसेल. म्हणून सल्ल्याच्या आधी मी गोष्टच पुरती सांगते. ती सांगायला गणित यावं लागत नाही, आणि बाबूला ती तुमच्या तोंडून ऐकायला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आजोळी, इरोडला. वाढले कुंभकोणममध्ये. वडील साड्यांच्या दुकानात कारकून. आई कोमलतम्मल देवळात भजनं म्हणायची, त्याचे थोडे पैसे घरात यायचे. ही आई मुलाबरोबर वाघ-बकऱ्यांचा खेळ खेळत बसायची. शाळेची सुरुवात मात्र रडतखडत झाली. मद्रासला आजोळच्या माणसांकडे ठेवलं तेव्हा पोरगा शाळेतच जाईना, शेवटी घरच्यांनी एका पोलीस शिपायाला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. पुढं तो कुंभकोणमला परतला आणि १८९७ च्या नोव्हेंबरात, दहा वर्षांचा होण्याआधीच, प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिला आला. विषय होते इंग्रजी, तमिळ, भूगोल आणि अंकगणित. बाबूला ही ओळ पुन्हा वाचायला सांगा. रामानुजन शाळेत नापास होणारा मुलगा नव्हता. भाषेत आणि भूगोलातसुद्धा तो पुढं होता.

१८९८ ते १९०४ ही सहा वर्षं तो टाऊन हायस्कूलमध्ये होता, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातली शिकण्याच्या दृष्टीनं सगळ्यांत सुखाची वर्षं हीच. घरखर्चाला हातभार म्हणून त्याच्या घरी कॉलेजची मुलं भाड्यानं राहायची. अकराव्या वर्षापर्यंत त्यानं त्यांच्याकडचं सगळं गणित काढून घेतलं. मग कोणीतरी त्याला लोनी यांचं त्रिकोणमितीचं, कॉलेजात शिकवलं जाणारं पुस्तक वाचायला दिलं. तेराव्या वर्षी ते त्याच्या हातचं झालं होतं. १९०२ मध्ये त्याला त्रिघाती समीकरण कसं सोडवतात हे समजलं आणि चतुर्घातीची रीत त्यानं स्वतः शोधून काढली. आणि शाळेनं काय केलं? शाळेनं त्याला काम दिलं. बाराशेच्या आसपास विद्यार्थी आणि पस्तीसेक शिक्षक, त्यांची वाटणी कशी करायची हे कोडं एका शिक्षकांनी या पोरावर सोपवलं. १९०४ मध्ये गणिताचं बक्षीस देताना मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर म्हणाले की, या मुलाला पैकीच्या पैकी गुणही कमीच आहेत. गरीब घरातल्या, लाजऱ्या मुलाला भर सभेत हे ऐकायला मिळणं केवढी मोठी गोष्ट! त्याच्याभोवती त्याच्याहून गणितात मोठं असं कोणी नव्हतं. पण त्याच्याकडे बघणारी, त्याला पुस्तक देणारी, त्याच्या बुद्धीला काम लावणारी माणसं होती.

आता नापास होण्याची गोष्ट.

१९०३ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या सुमाराला, त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज गृहस्थांचं एक जाडजूड पुस्तक आलं. पाच-सहा हजार सूत्रं आणि प्रमेयं ओळीनं मांडलेली, सिद्धता फारशा नाहीतच. कार हे शिकवणी घेणारे मास्तर होते. केंब्रिजच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ते संकलन केलं होतं. म्हणजे तुमच्या दिरांच्या भाषेत सांगायचं तर जगातला एक अलौकिक गणिती कोचिंग क्लासच्या नोट्सवर पोसला गेला. फरक एवढाच की त्या नोट्स त्याला कोणी पाठ करायला लावल्या नाहीत, घड्याळ लावून कोणी सोडवून घेतल्या नाहीत. एकेक ओळ का खरी असावी हे तो पाटीवर स्वतः ताडून बघत बसला. कोचिंगबद्दलचं माझं मत मी पुढं सांगणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

हायस्कूलच्या यशावर त्याला कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. इथून पुढं तो गणिताशिवाय दुसरं काही करीना. तो इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. त्या घरात त्या पैशाला किती किंमत होती ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. ऑगस्ट १९०५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो कोणाला न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. आईवडिलांनी मुलगा हरवल्याचं वर्तमानपत्रात छापलं. परत आल्यावर मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथल्या शिक्षकांना त्याची बुद्धी दिसली, पण शरीरशास्त्रासारखे विषय त्याला जाईनात. एफ.ए.च्या, म्हणजे पदवीच्या आधीच्या, परीक्षेत १९०६ साली नापास, १९०७ साली पुन्हा नापास. पदवीचा रस्ता बंद झाला.

त्यानंतरची पाच वर्षं भाषणांत कधी येत नाहीत, आणि त्याचा मला राग येतो, कारण मुलांना सांगायला हवं ते नेमकं तिथंच आहे. अंगात इतकी विद्या असलेला तरुण मुलगा शिकवण्या शोधत दारोदार फिरत होता. पदवी नसल्यामुळं त्या शिकवण्याही धड मिळत नव्हत्या. १९१० च्या सुरुवातीला त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली. घरात पैसे नव्हते, एका डॉक्टरांनी फी न घेता ती केली. मग वही काखेत मारून तो लोकांच्या भेटी घेत सुटला. भारतीय गणित परिषद स्थापन करणारे रामस्वामी अय्यर, मग नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव. राव यांनी काही काळ महिन्याला पंचवीस रुपये आपल्या खिशातून दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ ला त्यानं इंग्लंडमधल्या केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना आपले निष्कर्ष कळवणारं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, १९१४ मध्ये तिकडं जायला बोटीवर चढला, १९१८ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या मानाच्या विज्ञान संस्थेचा फेलो झाला, आणि २६ एप्रिल १९२० ला बत्तिसाव्या वर्षी गेला.

बत्तीस वर्षांच्या आयुष्यातली १९०७ ते १९१२ ही वर्षं त्या नापास होण्यानं खाल्ली. गणित त्यानं तेव्हाही केलं, भरपूर केलं. पण एकट्यानं, बिनपगारी आणि पुष्कळदा अर्धपोटी. तेव्हा बाबू पुन्हा ते वाक्य बोलला तर रागावू नका. ‘हो, झाले होते. मग पुढची पाच वर्षं त्यांनी काय केलं ते सांग’ एवढंच विचारा.

इथं एक गोष्ट बाबूच्या बाजूनंही बोलायला हवी. रामानुजनच्या कॉलेजानं जरा सवड दिली असती तर हे टळलं असतं. चूक एकट्या मुलाची नव्हती. पण बाबूची शाळा अजून त्याच्या बाजूची आहे, आणि आताशी नववी आहे. अजून काहीही हातातून गेलेलं नाही.

आता स्टेप्सचं. गणिताच्या शिक्षकांनी गुण कापले ते योग्यच केलं असं मी गणिताची शिक्षिका म्हणून म्हणेन. तरीही बाबूचा हट्ट मला समजतो. ज्याला उत्तर दिसतं, त्याला ते कुठून आलं हे लिहिणं उगाचचं वाटतं. रामानुजनचंही तसंच होतं. कागद महाग, म्हणून पाटीवर लिहायचं, कोपरानं पुसायचं, आणि शेवटचं तेवढं वहीत उतरवायचं. शिवाय कारच्या पुस्तकानं सवयच तशी लावलेली. त्याचा परिणाम काय झाला? त्या वह्यांत तीन हजारांवर निष्कर्ष होते. ते एकेक करून तपासायला, त्यांच्या सिद्धता द्यायला अमेरिकेतल्या ब्रूस बर्न्ट या गणितज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. १९८५ ते १९९८ या काळात त्याचे पाच खंड निघाले. दुसरं म्हणजे, हार्डींना लिहिलेल्या पत्रांत मूळ संख्यांबद्दलचे काही दावे होते, ते चुकीचे निघाले. रामानुजनला जे खात्रीनं खरं दिसत होतं ते खरं नव्हतं, आणि सिद्धता लिहायला बसल्याशिवाय ते त्याला कळणार नव्हतं. बाबूला हे सांगा. त्याला ‘गुण जातात’ या कारणापेक्षा हे कारण जास्त पटेल.

यावर उपाय तुमच्या घरातच आहे. बाबूनं गणित त्याला हवं तसं सोडवावं, उत्तर आधी काढावं. मग वहीच्या उजव्या पानावर ते सहावीतल्या बहिणीला समजेल असं लिहावं. तिनं वाचून जिथं अडलं तिथं खूण करायची. जिथं खूण होईल तिथं एक स्टेप कमी आहे. हे तुम्हीसुद्धा करू शकता. ‘मला कळलं नाही, ही ओळ कुठून आली?’ हा प्रश्न विचारायला गणित न येणारं माणूसच चांगलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की, आपल्या गोव्यातल्या गावांतून असं कोणी पुढं गेलंय का. गेलंय, ताई. आणि आमच्या गोव्यात मुलांना रामानुजनचं नाव सांगितलं जातं पण हे नाव क्वचितच सांगितलं जातं, याची मला खंत आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. त्यांचे वडील धर्मानंद हे सांकवाळचे, जन्म १८७६ चा. धर्मानंदांचं शाळेतलं शिक्षण नावापुरतंच झालं होतं. घरची नारळाची बागायत सांभाळायची आणि मिळेल ते मराठी वाचायचं. बुद्धाबद्दल वाचलं आणि त्या ओढीनं १८९९ च्या अखेरीला त्यांनी घर सोडलं. पुण्याला गेले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ, मग सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जाऊन भिक्षू झाले, पाली शिकले. हाच माणूस पुढं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला, आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं एका बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतलं. सांकवाळच्या कुळागरातून हार्वर्डला! आज त्याच सांकवाळच्या हद्दीत बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस आहे. तिथं प्रवेश मिळावा म्हणून मुलं कुठकुठं जाऊन कोचिंग घेतात. या मातीतला माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी केवढा चालला हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल!

१९१८ मध्ये धर्मानंद दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. दामोदरचं तोवरचं शिक्षण पुण्यातलं. अमेरिकेत वर्षभर खालच्या शाळेत काढल्यावर १९२० मध्ये त्याला केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये (हे केंब्रिज अमेरिकेतलं) प्रवेश मिळाला. तुमच्या मुलांनी पाचवीत माध्यम बदललं, या मुलानं अकराव्या वर्षी देश, हवा, भाषा सगळंच बदललं. शाळेत तो बालवीरही होता. वडिलांचे सहकारी लिओ वीनर यांचा मुलगा नॉर्बर्ट, जो स्वतः लहानपणापासून अचाट बुद्धीचा म्हणून गाजलेला आणि पुढं मोठा गणितज्ञ झालेला, त्याच्याशी दामोदरची मैत्री जमली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत त्याचे गुण इतके चांगले होते की हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्याला द्यावी लागली नाही. मधे तो भारतात आला, वडिलांजवळ गुजरातेत राहिला, आणि १९२६ च्या जानेवारीत पुन्हा गेला.

हार्वर्डला त्याला बर्कहॉफ हे त्या काळचे अमेरिकेतले अग्रगण्य गणितज्ञ शिकवायला होते. त्यांचं म्हणणं होतं की, दामोदरनं सगळं लक्ष गणितावरच द्यावं. दामोदरनं ऐकलं नाही. त्यानं भाषा घेतल्या, इतर विषय घेतले, आणि प्रत्येकात उत्तम गुण मिळवले. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन तो परतला. आपापल्या गुरूंचं न ऐकणारे दोन मुलगे बघा. एकानं गणिताशिवाय सगळं सोडलं, दुसऱ्यानं गणिताबरोबर सगळं धरलं.

कोसंबी बनारसला, अलीगढला, मग फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. १९३४ मध्ये त्यांना गणितासाठी पारितोषिक मिळालं, तेही रामानुजन यांच्याच नावाचं. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेलं एक सूत्र आनुवंशिकतेच्या अभ्यासात आजही त्यांच्या नावानं वापरतात. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीननं येजा करायचे. पण बाबूसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. संख्याशास्त्राचा उपयोग करून बघावा म्हणून त्यांनी जुनी नाणी घेतली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, त्याचं वजन घटतं. तक्षशिलेच्या ठेव्यातली नाणी तोलून, वजनं मांडून, ती किती काळ बाजारात फिरली असतील याचा त्यांनी हिशेब केला. मग प्रश्न आला की, ही नाणी पाडली कोणी? त्या प्रश्नामागून ते इतिहासात उतरले ते कायमचे. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि इतिहास लिहिण्याची रीत बदलली. गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवर, आपण जिला कोमुनिदाद म्हणतो तिच्यावरही त्यांनी लिहिलंय.

बाबू ज्या सोशलमध्ये नापास झाला, त्याच विषयात गोव्याच्या एका गणितज्ञानं नाव काढलं आहे. त्याला सनावळ्या पाठ करायला लावू नका. घरातली चिल्लर गोळा करा. प्रत्येक नाण्यावर साल असतं. एकाच प्रकारची जुनी आणि नवी नाणी वेगवेगळी करून गावातल्या सोनाराकडे बारीक काट्यावर तोलायला द्या आणि बाबूला त्याचा आलेख काढू द्या. फरक पडेल किंवा पडणार नाही, पण का पडला किंवा का नाही याचा विचार तो करील. तिथून पुस्तकातल्या धड्याकडे येणं सोपं आहे.

आता व्यवहाराचं बोलते.

सोशल आणि हिंदीत पहिलं येण्याची गरज नाही, पण वर्ष अडकता कामा नये. रोज संध्याकाळी गणिताची वही उघडायच्या आधी या दोन विषयांना तासभर द्यायचा. आधी म्हणजे आधीच, कारण वही एकदा उघडली की तो त्यातून निघणार नाही. रात्री अकराला दिवा बंद. याबाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे. चौदा वर्षांच्या मुलाला पुरेशी झोप हवी, आणि सुचायचं ते सकाळी ताज्या डोक्यानंही सुचतं. बाबूला गणितात पुढं जायचं असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थांत त्याचं पदवीचं शिक्षण मिळतं. पण तिथंही बारावी व्हावीच लागते.

कोटा नको. कर्ज काढून तर मुळीच नको. मुलगा चौदाचा आहे, त्यानं इंजिनिअरिंगचं नावही काढलेलं नाही, आणि त्याला आज हवंय ते तिथं नाही. पणजीचं कोचिंगही नववीत नको. सत्तरीहून पणजीला रोज जाऊन येण्यात त्याच्या वहीची वेळ बसमध्ये जाईल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोचिंग ज्या प्रवेश परीक्षांसाठी असतं त्यांत उत्तर झटपट काढण्याला मोल असतं, कसं काढलं हे कोणी वाचत नाही. बाबूची जी उणीव आहे ती तिथं उणीव म्हणून दिसणारच नाही, उलट पक्की होईल. अकरावीत त्याला स्वतःला जेईई ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा द्यावीशी वाटली तर तेव्हा बघा.

त्याऐवजी त्याला गणित ऑलिम्पियाडची वाट दाखवा. पहिल्या पायरीला आयओक्यूएम म्हणतात, साधारण सप्टेंबरात होते, आठवीपासूनच्या मुलांना बसता येतं. तीस प्रश्न, तीन तास, आणि फक्त उत्तर लिहायचं. बाबू खूश होईल. त्यातून निवडलेल्यांची पुढची परीक्षा आरएमओ. तिथं तीन तासांत सहाच प्रश्न, आणि प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहावी लागते. नुसत्या उत्तराला तिथं फारसं काही मिळत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातली एक आरएमओची छापून त्याच्यापुढं ठेवा. एक प्रश्न आठवडाभर सुटला नाही तरी हरकत नाही, उलट तसं व्हायलाच हवं. आजवर त्याला न सुटणारं गणित फारसं भेटलेलं दिसत नाही.

पुस्तकांसाठी पणजीला पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत त्याचं नाव नोंदवा. १८३२ पासूनची ही लायब्ररी आहे. त्याच्या वडिलांची नोकरी पणजीतच असल्यामुळं पुस्तक आणणं-पोचवणं त्यांच्यावर सोपवा. ज्या बापाची कर्ज काढायची तयारी आहे, तो हे आनंदानं करील. आणि लोनी यांचं ते त्रिकोणमितीचं पुस्तक आजही बाजारात मिळतं. बाबूला रामानुजनसारखं व्हायचं असेल तर नापास होण्यापेक्षा त्या पुस्तकापासून सुरुवात करू दे.

शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना एकदा भेटा. गुणांबद्दल भांडायला नाही, त्याला काम द्या म्हणून सांगायला. पाचवी-सहावीच्या मागं पडलेल्या दोन-तीन मुलांना शनिवारी गणित समजावून सांगायचं काम त्याच्याकडे द्यावं. टाऊन हायस्कूलनं रामानुजनला वाटणीचं कोडं दिलं तसंच हे. ताळगावला गोवा विद्यापीठात गणिताचा विभाग आहे, जवळच्या कॉलेजांतही गणिताचे प्राध्यापक आहेत. शिक्षकांच्या ओळखीनं त्यांतल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा बाबूची वही दाखवता आली तर फार बरं. आधी विचारून, वेळ ठरवून जा. वही दाखवायला आलेल्या मुलाला सहसा कोणी परत पाठवत नाही. रामानुजनला दोघा-तिघांनी परत पाठवलं असतं तरी तो पुढच्या दारी गेलाच असता, पण तो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. बाबूबरोबर तुम्ही जा.

गणित कळत नसल्यामुळं घरात तुमचं कोणी ऐकत नाही असं तुम्ही लिहिलंय. हे पत्र दिरांना आणि घरच्यांना वाचून दाखवा. गणितात आयुष्य काढलेल्या बाईचं मत तुमच्याच बाजूचं आहे असं सांगा: मुलगा गावातच राहील, शाळा पुरी करील, आणि त्याची वही कोणीतरी जाणकार बघेल.

आणखी एक. मुलीबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. धर्मानंदांनी अमेरिकेला जाताना माणिकलाही बरोबर नेलं होतं. बाबूच्या स्टेप्स वाचून जिथं अडलं तिथं ती खूण करणार आहे. काही महिन्यांनी ती खूण न करता थेट चूक दाखवू लागली, तर तिलाही तीच प्रश्नपत्रिका द्या, आणि तसं मला कळवा.

– तुमच्या बाई